कंबरदुखी : थांबायचं कधी, धावायचं कधी?
सख्यांनो, खुरपताना, हंडा उचलताना कंबरेत उसण भरते. हे दुखणं बहुधा स्नायूंचं. झोपून राहू नका. वजन उचलणं टाळा, हिंडतं-फिरतं राहा, काही आठवड्यांत उतरतं.

कळ कुल्ल्यातून पोटरीत, पावलात जाते, मुंग्या येतात? मग शीर दबलेली असू शकते. डॉक्टरांना दाखवा. बरेच दिवस दुखतंय, बारीक ताप आहे, वजन घटतंय, तर तपासणी कराच; टीबी मणक्यालाही होतो. अंगावरून घाण वासाचं पांढरं जाऊन ओटीपोटासह कंबर दुखत असेल, तर बाम चोळून काय होणार? तेही दाखवा.

आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायची जागा बधिर झाली, पायातलं बळ गेलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. हे सांगायला आपण लाजतो, तिथंच उशीर होतो. घरी बोलवत नसेल तर आशाताईला सांगा.