चांद्रयान : रोजाचें काम कीं उक्तें?

घर बांधावयाचें असतां गवंड्यास काम दोन रीतींनीं देतां येतें. रोजानें दिलें, तर काम लांबल्याचें नुकसान मालकाचें. उक्तें दिलें, तर रक्कम आधींच ठरते. पुढें खर्च वाढला तर तो गवंड्याच्या अंगावर. मनुष्यांस चंद्रावर उतरविणारें यान बांधवितांना अमेरिकेनें या दोन्ही रीती चोखाळल्या आहेत.

पहिली रीत अपोलोच्या काळची. १९६२ सालीं तें काम ग्रमन कंपनीस मिळालें. होईल तो खर्च सरकारनें भरावयाचा, वर कंपनीस मोबदला द्यावयाचा, आणि यान सरकारच्या मालकीचें. आतां हें काम किती अवघड तें पाहा. चंद्रावर हवा नाहीं. तेव्हां हवाई छत्री तेथें निरुपयोगी. उतरतांना सारा वेग इंजिनाच्याच जोरावर आवरावा लागतो, व म्हणून यानाचा तोळा न् तोळा मोजावा लागतो. ग्रमनच्या इंजिनियरांनीं खुर्च्याच काढून टाकल्या (चंद्रवीरांनीं उभ्यानें उतरावें!) आणि खिडक्या लहान, त्रिकोणी केल्या. परत उडण्यास इंजिन एकच. तें न पेटतें तर सुटकेस दुसरा मार्ग नव्हता. १९६९ ते १९७२ या काळांत सहाहि वेळां तें पेटलें व बाराहि जण सुखरूप परतले. खर्च मात्र मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला.

पुढें नासा या सरकारी संस्थेनें उक्त्याची रीत धरली. एप्रिल २०२१ मध्यें स्पेसएक्स कंपनीस सुमारें २८९ कोटी डॉलरांस, व मे २०२३ मध्यें ब्लू ओरिजिन कंपनीस सुमारें ३४० कोटी डॉलरांस काम देण्यांत आलें. यान कंपनीचें, नासा केवळ प्रवास विकत घेणार. अपोलोचें यान सुमारें ७ मीटर उंच होतें. स्पेसएक्सचें सुमारें ५० मीटर उंच योजिलें असून त्यांतून खालीं येण्यास लिफ्ट लागेल. शिवाय पृथ्वीभोवतीं फिरत असतांनाच त्यांत इंधन भरावयाचें आहे.

उक्त्या कामांतलें भय पालकवर्गास ठाऊक असेलच : भिंतींत काय भरलें तें मालकास दिसत नाहीं. येथें तर भिंतीपलीकडे हवाहि नाहीं. म्हणून माणसें बसविण्यापूर्वीं प्रत्येक कंपनीनें रिकामें यान चंद्रावर उतरवून दाखवावें असें नासानें ठरविलें. आमच्या मतें ही अर्धीच परीक्षा. तेथून पुन्हां उडून दाखविणें ही उरलेली अर्धी.