दाखला मुळात जाऊन तपासा

मुळशी तालुक्यातल्या पिरंगुटच्या कारखान्यांत नोकरभरतीचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. नव्या माणसाची कागदपत्रं तपासणं हे त्यातलं सगळ्यांत कंटाळवाणं काम समजलं जातं आणि ते कोणाच्याही गळ्यात मारलं जातं. तसं करू नये. का, ते दोन प्रसंगांतून सांगतो.

पहिला फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याचा. चाकणच्या एका कंपनीचा अनुभवाचा दाखला त्याने आणला होता. लेटरहेड, शिक्का, सही सगळं जागच्या जागी. दाखल्यावरच्या मोबाइलवर फोन केला, तर समोरच्याने तोंडभरून कौतुक केलं. पुढे कंपनीच्या कार्यालयाचा नंबर वेगळा शोधून विचारलं, तेव्हा कळलं की या नावाचा माणूस तिथे कधी कामाला नव्हताच. फोन उचलणारा त्याचा मित्र होता. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीतल्या उबर टॅक्सीतल्या बलात्काराच्या प्रकरणातही चालकाचा चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचं पोलिसांनी सांगितलं होतं.

म्हणून दाखल्यावर छापलेल्या नंबरवर कधीच विसंबू नका. भविष्य निर्वाह निधीचं खातं असेल, तर उमेदवारालाच ते आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगा. कोणत्या कंपनीने कधीपर्यंत पैसे भरले, हे त्यात दिसतं. त्याचा पासवर्ड मात्र मागू नका. आणि एक लक्षात ठेवा: ठेकेदाराकडे राबलेल्या कितीतरी कामगारांचा पीएफ भरलेलाच नसतो. नोंद सापडली नाही, एवढ्यावरून माणूस खोटा ठरत नाही.

दुसरा प्रसंग मला जास्त लागला. स्टोअरमधल्या जागेसाठी जवळच्याच गावातला एक मुलगा निवडला होता. पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा अहवाल आला, ‘फौजदारी खटला प्रलंबित’. बैठकीत कोणीतरी लगेच म्हणालं, “मुळशीचाच ना? मग अहवाल कशाला बघायचा?” प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला. जमिनी विकल्या गेल्यावर इथल्या पोरांची कशी वाताहत झाली, ते त्यात होतं. पण पुष्कळांनी त्यातून तालुक्याबद्दलचा संशय तेवढा उचलला.

चार दिवसांनी मुलाचे वडील गेटवर आले. “साहेब, पोराच्या नावावर काय लिहून आलंय, ते तरी आम्हाला दाखवा.” तोवर मुलाला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी एजन्सीकडे खटल्याचा क्रमांक मागितला. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव आणि आडनाव जुळलं, एवढ्यावरच त्यांनी अहवाल लिहिला होता. आमच्याकडे अख्ख्या गावाचं आडनाव एक असतं, त्यात नावंही तीच ती. आरोपीच्या वडिलांचं नाव निराळं होतं, वय दुप्पट होतं. मुलगा रुजू झाला, पण त्या घराने ते दिवस कसे काढले असतील!

तरीही पडताळणी सोडून चालणार नाही. २९ जानेवारी २०१७ रोजी हिंजवडीतल्या आयटी कंपनीत रसीला राजू या तरुण अभियंतीचा खून झाला आणि अटक झाली ती सुरक्षारक्षकाला. रक्षकांची पूर्वपडताळणी करणं २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याने बंधनकारक आहे. ‘एजन्सीने केलीच असेल’ असं गृहीत धरू नका, प्रत्येक रक्षकाचा कागद मागून घ्या.

पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीसाठी अर्ज ऑनलाइन होतो. मात्र मुळशीत हद्दीचा घोळ आहे. पौड पोलीस ठाणं पुणे ग्रामीणकडे, तर हिंजवडी ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. कामगार राहतो कुठे ते आधी नीट विचारा, नाहीतर अर्ज नुसता फिरत राहतो. बाहेरगावाहून आलेला असेल, तर मूळ गावच्या पोलिसांकडूनही पडताळणी करून घ्या. खर्च कंपनीने करावा, बारा-पंधरा हजारांवर येणाऱ्या पोराच्या माथी मारू नये. काय तपासणार ते आधी सांगून लेखी संमती घ्या.

अहवालात काही वाईट निघालं, तर त्याची प्रत उमेदवाराच्या हातात द्या, उत्तर द्यायला त्याला आठवडाभर द्या आणि तोवर त्या जागेवर दुसरा माणूस घेऊ नका.