चित्रपटाचा पारखी

कोल्हापूरच्या बाजारात गुळाचे सौदे निघतात, तेव्हा जाणता व्यापारी रव्याचा तुकडा हाती घेतो. त्याचा रंग पाहतो, कणी पाहतो, जिभेवर ठेवून चव घेतो आणि मगच बोली बोलतो. 'गूळ बरा आहे' एवढे म्हणून त्याचे भागत नाही. बरा म्हणजे कसा आणि कशावरून, हे त्याला सांगता यावे लागते. चित्रपटाचीही अशीच पारख करणारे लोक असतात. त्यांना समीक्षक म्हणतात. शुक्रवारी नवा चित्रपट लागला, की 'कसा आहे?' हा प्रश्न घरोघर विचारला जातो आणि 'झकास' किंवा 'रटाळ' असे उत्तरही तात्काळ मिळते. समीक्षकाचे काम या उत्तरानंतर सुरू होते.

गुळाच्या पेठेत चित्रपटाचा विषय काढण्यास कारण आहे. मराठी चित्रपटाचे बालपण बऱ्याच अंशी याच गावी गेले. बाबूराव पेंटर हे येथील चित्रकार. त्यांनी सहकारी जमवून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, कॅमेरासुद्धा येथेच घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा 'सिनेमा केसरी' म्हणून गौरव केला. पुढे १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवर तो आधारलेला होता. कर्जापायी शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो मुंबईच्या गिरणीत मजूर होतो, असे त्याचे कथानक. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. परंतु त्या काळच्या प्रेक्षकांना पडद्यावर देव, दैत्य आणि राजेरजवाडे पाहण्याची सवय जडली होती. आपल्याच दारातले दुःख पैसे देऊन पाहावयास फारसे कोणी आले नाही. बाबूराव पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक कथांकडे वळले.

तिकिटांच्या हिशेबाने पाहिले तर 'सावकारी पाश' नापास ठरला. तरीही भारतीय चित्रपटाचा इतिहास सांगताना आज त्याचे नाव आदराने घेतले जाते. हा पालट पारखी लोकांमुळे घडला. बाबूरावांनी १९३६ साली हीच कथा बोलपटाच्या रूपाने पुन्हा सांगितली. मुंबईचे निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे एका आठवणीत या बोलपटातील एकाच दृश्याचे वर्णन केले आहे : दुरून दिसणारी एक उदास झोपडी, मंद उजेड आणि कुठेतरी विव्हळणारा कुत्रा. त्या दृश्याच्या स्मरणानेही आपली तंद्री लागते, असे त्यांनी म्हटले आहे. वाडियांचे स्वतःचे चित्रपट घोडदौडीचे आणि मारामारीचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या साक्षीचे मोल वाढते. 'फार चांगला चित्रपट' एवढेच त्यांनी लिहिले असते, तर आपल्याला काय कळले असते? मूळ मूकपट तर आता पाहावयास मिळत नाही. जे उरले आहे, ते बव्हंशी पाहणाऱ्यांच्या शब्दांत उरले आहे.

म्हणून ते शब्द खरे असावे लागतात; आणि खरे लिहिणे वाटते तितके सोपे नाही. वृत्तपत्राला चित्रपटाच्या जाहिराती मिळतात आणि त्याच्या खर्चाचा काही भाग त्यांतून भागतो. एका पानावर चित्रपटाची भली मोठी जाहिरात आणि दुसऱ्या पानावर त्याच चित्रपटाचे दोष, असे छापताना संपादकाचा हात अडखळू शकतो. जाहिरात देणाराही रुष्ट होऊ शकतो. मुंबईत १९३५ साली बाबूराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले, तेव्हा त्यांच्या निर्भीड लेखणीचा चित्रसृष्टीत दरारा निर्माण झाला. भले भले निर्माते त्यांचा अंक येण्याची धास्ती घेत. तथापि पटेलांची लेखणी पुष्कळदा व्यक्तीवर घसरे. नटनटींच्या रूपाचीही ते टवाळी करीत. नटाचे नाक कसे आहे, हे सांगितल्याने चित्रपटाविषयी काहीच सांगितले जात नाही.

आज समीक्षकाला छापखान्याची गरज उरलेली नाही. कोल्हापूर, नागपूर, बेळगाव, कोठेही राहणारा तरुण स्वतःच्या पैशाने तिकीट काढतो, चित्रपट पाहतो आणि त्याच रात्री आपले मत इंटरनेटवर लिहितो किंवा बोलून दाखवितो. त्याच्यावर संपादक नाही, जाहिरातदार नाही. ही मोठी मोकळीक आहे. पण मोह येथेही आहेच. प्रेक्षक वाढले, की चित्रपटवाले त्याला बोलावतात, भेटी देतात, कधी पैसेही देऊ करतात. २०२३ साली केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मोबदला किंवा भेटवस्तू घेऊन समाजमाध्यमांवर कशाचीही शिफारस करणाऱ्याने ते सोप्या भाषेत व स्पष्टपणे सांगितले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. दुसरा मोह याच्या उलट आहे. शिव्याशाप ऐकावयास गर्दी लवकर जमते. तेव्हा बरा चित्रपटही वाईट ठरविण्याची हाव सुटते.

दूरदर्शन आणि इतर वाहिन्यांवरील मालिकांची गोष्ट थोडी निराळी. मालिका शेकडो भाग चालते. शेवट पाहून मत द्यावयाचे म्हटले, तर समीक्षकाचे केस पांढरे व्हावयाचे! त्याला वाटेतच थांबून पाहावे लागते, की कथा पुढे सरकते आहे, की एकाच भांडणाला पाणी घालून ते वाढविले जात आहे.

चांगली पारख कशी असते, हे नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या 'फँड्री' या चित्रपटावरून पाहता येईल. त्यात जब्या नावाचा शाळकरी मुलगा आहे. गावातली डुकरे धरण्याचे काम त्याच्या घराण्याकडे आलेले. एके दिवशी सारे कुटुंब डुकरामागे धावत असते आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. जब्या जागच्या जागी उभा राहतो, घरचेही उभे राहतात आणि डुक्कर निसटते. पुढे मेलेले डुक्कर काठीला टांगून नेताना वाटेत शाळेची भिंत लागते. तिच्यावर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रे आहेत. गावकरी हसत असतात. शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो. तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो.

हा दगड कोणासाठी? टिंगल करणाऱ्यासाठी, असे एक जण म्हणेल. कथेत जब्या त्याच्यावरच चिडलेला असतो. दुसरा म्हणेल, मग दगड आपल्याकडे का आला? राष्ट्रगीताच्या वेळी डुक्कर निसटले, तेव्हा खुर्चीत बसून आपणही हसलो होतो ना! तिसरा भिंतीवरील चित्रांकडे बोट दाखवील आणि आणखी वेगळे काही सांगेल. तिघांची मते जुळणार नाहीत. पण तिघांच्याही बोलण्यात चित्रपटातलीच एकेक गोष्ट पुरावा म्हणून आलेली आहे, आणि ती खरोखर तशी आहे की नाही, हे चित्रपट पुन्हा लावून कोणालाही पाहता येईल.