बाटली उघडण्याआधी ढेकूण उलटा करा

कपाशीची बोंडं फुटू लागली की मला फोन यायला लागतात, "वावरमा लाल ढेकन्या उनात, काय मारानं भो?" मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो. तो नेहमी वरून काढलेला, हललेला. त्यात लाल रंग तेवढा कळतो. अशा फोटोवर औषध सांगणं मी सोडून दिलंय.

धुळे तालुक्यातल्या आमच्या मेहुण्यांना एका दुकानदाराने असाच फोटो पाहून बाटली दिली होती. फवारणीनंतर सरीत पडलेले किडे मी वेचून उलटे केले. कपाशीचा लाल ढेकूण, म्हणजे डिस्डर्कस, त्यात होताच. पण त्याला मारून खाणारा अँटिलोकसही बराच निघाला. पदरचे पैसे घालून राखणदार मारला म्हणायचा!

दोघे एकाच कुळातले, दोघेही लालभडक. डिस्डर्कसच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो, डोक्यामागे पांढरी पट्टी, आणि पोटाखाली आडवे पांढरे पट्टे. अँटिलोकस अंगाने थोराड; त्याच्या पंखांवर ठिपका नाही, पोटावर ते पट्टेही नाहीत. पिल्लांना पूर्ण पंखच नसतात, तिथे ठिपका शोधून उपयोग नाही, पोटच पाहावं लागतं. काचेच्या बाटलीत एक धरा आणि खालून बघा, बस.

वागणंही बघा. डिस्डर्कस फुटलेल्या बोंडावर घोळक्याने बसून सरकीचा रस शोषतो. दोन किडे शेपटीकडून जुळून, विरुद्ध दिशांना तोंडं करून फिरताना दिसले तर ती शिकार नव्हे, जोडी आहे. यात भलेभले फसतात. अँटिलोकस सोंड खुपसून भक्ष्य ओढत नेतो. मान बारीक, सोंड जाड नि वाकडी, असा लाल-काळा किडा दिसला तर तोही शिकारीच, रायनोकोरिस. त्याला हाताने धरू नका, चावा झोंबतो.

डिस्डर्कसच निघाला तरी लगेच पंप उचलायची गरज नसते. सकाळच्या गारव्यात घोळका साबणाच्या पाण्यात झटकावा, फुटलेला कापूस झाडावर ठेवू नये, बांधावरची पेटारी उपटावी. शेजारी भेंडी असेल तर तीही पाहावी. करड्या ढेकणाची गोष्ट वेगळी. तो चार-पाच मिलिमीटरचा, अर्धवट उमललेल्या बोंडात दडतो, तिथे फवारा नीट पोचत नाही. वेचलेला कापूस उन्हात पसरला की तो आपसूक निघून जातो. तसाच जिनिंगला गेला, तर चिरडून रुईला डाग पडतात.

एवढं करूनही ओळख पटत नसेल, तर जिवंत किडा डबीत घालून धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात दाखवा. मला फोटो पाठवायचाच असेल, तर पोटाचा पाठवा.