माशांच्या काचेचा कानमंत्र

पोरांनो, घरात माशांची काचपेटी आणलीत, चांगलं केलंत. आता एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनात पक्की करा. काच आपण आपल्या डोळ्यांसाठी पुसतो, माशांसाठी नाही. काचेवरच्या शेवाळाचा माशाला त्रास नसतो. त्रास होतो तो शेवाळ काढायला आपण जे वापरतो त्याचा. काच लख्ख झाली आणि मासा दगावला, तर त्या लख्खपणाला काडीची किंमत नाही.

आमची पिढी काच पुसायला शिकली ती कंदिलावर. दिवेलागणीआधी काच उतरवायची, चुलीतली राख कापडातून गाळून घ्यायची आणि सुती फडक्यानं हलक्या हातानं काजळी काढायची. सासूबाई सांगायच्या, काच रोज पुसली तर घासावी लागत नाही. हे बोल माशांच्या काचेलाही लागू आहेत. राख मात्र लागू नाही. ती पाण्यात गेली की पाणी खारवतं आणि माशांना सोसत नाही.

आधी डाग ओळखा

काचेवरचे सगळे डाग एका जातीचे नसतात. पाण्याच्या रेषेवर पांढरा, खरखरीत पट्टा दिसतो तो क्षारांचा. आपल्या कामरगावचं, सगळ्या कारंजा तालुक्याचंच म्हणा ना, बोरचं पाणी काळ्या कातळातून येतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार काचेवर राहतात. हंड्याच्या तळाला बसतो तोच हा थर. पण या जड पाण्याला नावं ठेवू नका. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खातं जे गप्पी मासे वाटतं, त्यांना असंच पाणी मानवतं.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी भुकटी बसते. ती बोटानंही निघते आणि पुढे बहुधा आपोआप कमी होते. हिरवी साय येते ती जास्त उजेड आणि जास्त खाणं यामुळे. चौथा डाग हिरव्या टिपक्यांचा. तो काचेला घट्ट धरतो आणि फडक्याला दाद देत नाही.

घरातलं काय चालतं

मऊ शेवाळाला जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा तुकडा पुरतो. तो साबणाच्या पाण्यातून काढलेला नको. कोऱ्या पाण्यात उकळून घ्या आणि टाकीसाठी वेगळा टांगून ठेवा. वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळीही उत्तम. बिया झटकून ती पाण्यात भिजवली की मऊ होते, शेवाळ धरते आणि काचेला ओरखडा काढत नाही.

घट्ट टिपक्यांना मुदत संपलेलं एटीएम कार्ड घ्या. ते काचेला तिरपं टेकवून वरून खाली ओढा. काच आणि काच जिथे जोडली आहे त्या कोपऱ्यात कार्डाची धार किंवा ब्लेड घालू नका. तिथे सिलिकॉन असतं, तेच पाणी अडवतं. कोपऱ्याला जुना दात घासायचा ब्रश वापरा, तोही पेस्टचा वास जाईपर्यंत धुऊन.

टाकी रिकामी असेल तर मीठ लावा. ओल्या फडक्यावर मीठ घेऊन गोल गोल घासा. मीठ काचेपेक्षा मऊ असतं. कठिणपणाच्या मापावर मीठ अडीचच्या आसपास, काच साडेपाचच्या आसपास आणि वाळूतली गारगोटी सात. म्हणून मिठानं काच स्वच्छ निघते, पण फडक्यात अडकलेल्या वाळूच्या एका कणानं कायमची रेघ उमटते. तळाजवळची काच पुसताना फडकं रेतीला टेकवू नका आणि मधूनमधून झटकून बघा. तारेचा चोथा तर लांबच ठेवा.

क्षारांच्या पट्ट्याला लिंबू किंवा पांढरं व्हिनेगर. दोन्ही आंबट, आणि आंबट लागलं की हा थर विरघळतो. पाण्याची पातळी पट्ट्याच्या खाली चार बोटं आणा. लिंबाच्या रसात फडकं भिजवून पिळा आणि पट्ट्यावर चिकटवून ठेवा. जवळून बघाल तर थरावर बारीक बुडबुडे उठताना दिसतील. तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे काम सुरू झालं. पंधरा-वीस मिनिटांनी कार्डानं खरवडा आणि कोऱ्या ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. रस पाण्यात ओघळू देऊ नका.

बाहेरच्या बाजूला ओलं फडकं फिरवून वर कोरड्या वर्तमानपत्राचा बोळा. एवढंच पुरे.

एक सांगायचं राहिलं. टाकी काचेची आहे की ॲक्रिलिकची, ते आधी बघा. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. २०१५ साली ते नव्यानं उघडलं तेव्हा त्यात ॲक्रिलिकचा बोगदा होता. दिसायला ॲक्रिलिक काचेसारखंच, पण त्यावर कार्डाचा, मिठाचा, ब्लेडचा ओरखडा लगेच उठतो. छोट्या तयार टाक्याही कधी ॲक्रिलिकच्या असतात. त्यांना फक्त मऊ ओलं कापड.

काय कधीच नाही

फेस येणारी कोणतीही वस्तू टाकीत नको. साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड, सगळं बाद. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, तो त्याचं कवच. फेसाच्या वस्तू तो थर काढतात आणि कल्ल्यांना इजा करतात. खिडकीच्या काचांचा स्प्रे बाहेरून मारायचाही मोह नको, कारण त्याचे तुषार वरून पाण्यात पडतात. फिनाईल आणि डासांचा फवारा तर विषच. घरात फवारा मारायचा असेल तर पंप बंद करून टाकी झाका.

आपल्या भागात कपाशी-सोयाबीनची फवारणी असते. फवारणीची बकेट कितीही धुतली तरी माशांच्या कामाला घेऊ नका. खर्रा घोटलेला हातही पाण्यात घालू नका, तंबाखूतलं निकोटीन माशांना मारक असतं. हात कोऱ्या पाण्यानं कोपरापर्यंत चोळून धुवा, मगच टाकीत घाला.

पाणी बदलण्याची रीत

काच पुसली की शेवाळ पाण्यात तरंगतं, म्हणून पाणी त्यानंतर बदला. त्याआधी पंप, दिवा, हीटर यांच्या पिना काढा. ओल्या हातानं विजेशी खेळ नको. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत पन्नास लिटरहून जास्त पाणी मावतं, म्हणजे पन्नास किलोहून जास्त वजन. भरलेली टाकी उचलली की जोड सुटतात.

नळीनं पाणी काढताना तोंडानं ओढू नका. नळी पाण्यानं पूर्ण भरून दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबा, एक टोक टाकीत, दुसरं खाली ठेवलेल्या बकेटीत सोडा. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं देते. ती काडीएवढी पिल्लं नळीत ओढली जातात. नळीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधा.

एका वेळी पाण्याचा चौथा हिस्साच बदला. रेतीत आणि फिल्टरच्या स्पंजात काही जिवाणू असतात. माशांच्या घाणीतून निघणारा अमोनिया ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणून मासे जगतात. सगळं एकदम धुतलं की हे जिवाणू जातात. स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नाही. मागची काच तर हिरवीच राहू द्या, पिल्लं तिथे चरतात.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते उघड्या बकेटीत एक दिवस ठेवा, मगच टाका. मे महिन्यात छतावरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. ते सावलीत निवू द्या. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो, म्हणून उन्हाळ्यात हवेचा पंप बंद ठेवू नका. काढलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं, तुळशीला आणि वांग्याच्या रोपांना ते मानवतं.

शेवाळ मुळातच कमी करा

टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नका. दिवा सहा ते आठ तास पुरे. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या. मासा वर येऊन तोंड उघडतो म्हणून दर वेळी चिमूट टाकायची नसते. उरलेलं खाणं कुजतं, त्यातूनच काच हिरवी होते.

आठवड्यातून एक दिवस ठरवा, हलकं फडकं फिरवा, चौथा हिस्सा पाणी बदला. महिनाभर साचवून एका दिवसात सगळं घासू नका. बाजारातल्या महागड्या बाटलीची गरज नाही. घोसाळ्याची जाळी, लिंबू, मीठ आणि सुती फडकं एवढ्यात काच स्वच्छ निघते. फक्त फेस पाण्याच्या आसपास येऊ देऊ नका, आणि हे तुमच्या पोरांनाही सांगा.