जनरेटरचा खरा हिशेब

नांदेडचा इतवारा असो की लातूरची गंजगोलाई, 2006-07च्या भारनियमनात दुकानांपुढे जनरेटर धडधडत असत. आम्हीही कापड दुकानासाठी पाच केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतला. वहीत खर्च मांडला तो फक्त डिझेलचा. वर्षअखेरीस नफा घटलेला दिसला, तेव्हा चूक कळली.

पहिला छुपा खर्च कमी भाराचा. 40 वॅटच्या दहा ट्यूबलाइट आणि 75 वॅटचे सहा पंखे मिळून 850 वॅट होतात. यंत्राची ताकद सुमारे चार हजार वॅट. योग्य भारावर लिटरमागे तीनेक युनिट वीज मिळते, इतक्या कमी भारावर त्याच्या निम्मीही मिळणे कठीण. शिवाय डिझेल पुरते जळत नाही, इंजिनात काजळी धरते.

दुसरा खर्च ऑइल, फिल्टर, बॅटरी आणि घसाऱ्याचा. तो चाललेल्या तासांवर वाटून रोजच्या खर्चात धरावा.

तिसरा खर्च मालाचा. धुराने डागाळलेले पांढरे तागे आम्हाला उतरत्या भावाने काढावे लागले.

चौथ्याची किंमतच होत नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; बंद खोलीत तो जीव घेतो. चेंजओव्हर स्विच नसेल तर आपली वीज उलटी तारेत जाऊन खांबावरचा लाइनमन दगावू शकतो.

व्यापारी व कारागीर बंधूंनो, आधी भार मोजा, मग यंत्र घ्या. नुसते दिवे-पंखे असतील आणि वीज थोडा वेळच जात असेल तर इन्व्हर्टर पुरतो. जनरेटर लागलाच तर तो उघड्यावर ठेवा आणि वहीत त्याचे खाते वेगळे उघडा.