निवासी शाळेचे मैदान : एक ऐतिहासिक अभ्यास

निवासी शाळा म्हटली की वर्ग, ग्रंथालय, भोजनगृह आणि शयनगृह यांचा विचार आधी होतो. मैदानाचा उल्लेख शेवटी येतो. इतिहासाच्या अभ्यासकाने हा क्रम एकदा उलटा लावून पाहावा. कोण कोणाबरोबर शिकले याइतकेच, कोण कोणाबरोबर खेळले यावरूनही समाजाची पारख होते.

महाराष्ट्रातील खासगी निवासी शाळांची परंपरा शतकाहून जुनी आहे. पाचगणीचे सेंट पीटर्स १९०४ मध्ये आणि तेथीलच संजीवन विद्यालय १९२२ मध्ये सुरू झाले. देवळालीच्या बार्न्स शाळेचे उद्घाटन जानेवारी १९२५ मध्ये झाले. अशा शाळांत खेळ हा फावल्या वेळेचा उद्योग नसतो, तो वेळापत्रकातील तास असतो. विद्यार्थ्यांची 'हाउस'मध्ये विभागणी, त्यांच्यातील सामने, वार्षिक क्रीडादिन ही पद्धत इंग्लंडमधून आली. नेतृत्व करणे, आज्ञा पाळणे आणि पराभव पचवणे हे तीन धडे पुस्तकाविना मिळावेत, हा तिचा हेतू. परंतु शुल्क भरू शकणाऱ्यांपुरतेच हे शिक्षण मर्यादित राहिले.

त्याच जानेवारी महिन्यात, ४ तारखेस, सोलापुरात दुसरे एक दार उघडले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने तेथे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही काढला. दारू व जुगारापासून तरुणांनी दूर राहावे, हा त्यामागील विचार होता. साधने तुटपुंजी असतानाही वाचनालयाबरोबर हॉकीची काठी आली, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. समाजाच्या उत्थानाच्या आराखड्यात मैदानाला पहिल्यापासून स्थान होते.

त्याची गरज का होती, हे पळवणकर बाळू यांच्या चरित्रावरून समजते. चर्मकार कुटुंबातील हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात मैदानाची निगा राखत असे आणि सरावासाठी युरोपियन फलंदाजांना तासन्‌तास चेंडू टाकत असे. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले. पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यातून मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळवले, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. राजकीय मतभेदांमुळे त्यांच्या कर्तृत्वाचे मोल आम्ही कमी करू नये. त्यांचा चेंडू सर्वांना चालत होता, पेला चालत नव्हता. निवासी शाळेत चेंडू आणि पेला दोन्ही एक होतात, हेच तिचे खरे सामर्थ्य.

भाषेचेही तसेच आहे. बाबासाहेबांनी 'मूकनायक' मराठीत काढला आणि अर्थशास्त्रावरील ग्रंथ इंग्रजीत लिहिले. एक भाषा आपल्या माणसांसाठी, दुसरी जगासाठी. द्विभाषिक शाळेत इंग्रजी बोलताना वर्गात अडखळणारे मूल मैदानावर पंचाशी, सोबत्याशी निर्धास्त बोलते. तेथे भीती मोडते आणि मग भाषा येते.

आपल्या वेरुळात सहवासाची ही परंपरा दगडात कोरलेली आहे. पाचव्या क्रमांकाच्या लेण्यात दोन लांब, बुटके दगडी ओटे आहेत. दोन्ही बाजूंस भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आहेत. लोक या लेण्याला 'महारवाडा' म्हणत आले. तेथे भिक्खू एका रांगेत, एकाच उंचीवर बसत. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्याला पुढे 'मिलिंद' आणि परिसराला 'नागसेनवन' हे नाव मिळाले, तेही या परंपरेचे भान ठेवूनच.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे : दहावीचे वर्ष आले म्हणून मुलाचा, आणि विशेषतः मुलीचा, खेळाचा तास बंद करू नका. शिकवणीचा एक तास वाढल्याने मिळणाऱ्या गुणांपेक्षा संघात मिळालेली बरोबरीची जागा अधिक काळ टिकते. माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबर महिन्यातील एक रविवार मैदानाला द्यावा. आणि आम्हा शिक्षकांनी कर्णधारपद आळीपाळीने सर्वांपर्यंत पोहोचेल, याची दक्षता घ्यावी. जे बाळूंना नाकारले गेले, ते आपल्या अंगणात कोणत्याही मुलाला नाकारले जाऊ नये.